निवृत्तीवेतन नसलेल्यांचे म्हातारपण: वृद्धांची वाढती लोकसंख्या आणि आपली तयारी

धागाकर्ता: बालाघाट

वृद्धांच्या प्रश्नावर आपल्याकडे चर्चा सुरू झाली की ती बहुधा परदेशात स्थायिक झालेली मुले, शहरातले रिकामे फ्लॅट आणि वृद्धाश्रमांचे मासिक शुल्क या विषयांवर येऊन स्थिरावते. ही दुःखे खरी आहेत आणि त्यांच्याविषयी लिहिले गेलेच पाहिजे. परंतु २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील ज्या १० कोटी ३८ लाख व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी सुमारे ७१ टक्के खेड्यांत राहत होत्या. त्यांतील बहुतेकांनी जन्मभर जे काम केले त्याला निवृत्तीचे वय नव्हते, भविष्य निर्वाह निधी नव्हता आणि निवृत्तीवेतनही नव्हते. त्याच जनगणनेनुसार साठीनंतरही सुमारे ६० टक्के पुरुष आणि २३ टक्के स्त्रिया काम करत होत्या. हा धागा त्यांच्याविषयी आहे.

आधी वाढीचा वेग पाहू. १९५१ मध्ये देशात साठीपुढच्या व्यक्ती दोन कोटींच्या आसपास होत्या. २००१ मध्ये ही संख्या ७ कोटी ६६ लाख झाली. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे त्यापुढच्या काळासाठी केंद्राच्या तांत्रिक गटाच्या अंदाजांवर अवलंबून राहावे लागते. ते अंदाज २०२१ साठी १३ कोटी ८० लाख आणि २०३१ साठी १९ कोटी ४० लाख असे आहेत. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० मध्ये आपल्या देशात ३४ कोटी ७० लाख वृद्ध असतील, म्हणजे दर पाच माणसांत एक. त्याच्या थोडे आधी, २०४६ च्या सुमारास, पंधरा वर्षांखालील मुलांपेक्षा साठीपुढच्या माणसांची संख्या अधिक झालेली असेल.

माणसे जास्त जगू लागली म्हणून म्हातारे वाढले, एवढेच कारण आपण सहसा सांगतो. स्वातंत्र्याच्या सुमारास बत्तीस वर्षे असलेले सरासरी आयुर्मान आज सत्तरच्या घरात आहे, हे खरेच. पण त्यातला मोठा हिस्सा बालमृत्यू घटल्यामुळे आलेला आहे. देवी, पटकी, हिवताप यांतून जी मुले पन्नास-साठच्या दशकांत वाचली, तीच आज वृद्ध झाली आहेत. लोकसंख्येतील वृद्धांचे प्रमाण वाढण्यामागे याहूनही मोठे कारण आहे ते घटलेल्या जन्मदराचे. पन्नासच्या दशकात एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ३.४ होता आणि २०१९-२१ च्या सर्वेक्षणात तो २.० वर आला. महाराष्ट्रात तर तो १.७ आहे. चार भावांनी वाटून घ्यायची जबाबदारी आता एकावर येणार आहे, आणि तो एकही अनेकदा गावात नसतो.

फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्यांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला सुमारे ११५ वर्षे लागली. जपानमध्ये तेच १९७० ते १९९४ या २४ वर्षांत घडले, आणि भारतातही ते तीन दशकांच्या आत घडेल असे दिसते. जपानच्या उदाहरणातली एक गोष्ट मात्र आपण दुर्लक्षितो. जपानने सर्व नागरिकांसाठी आरोग्यविमा आणि राष्ट्रीय निवृत्तीवेतन १९६१ मध्येच लागू केले होते. हे प्रमाण ७ टक्क्यांवर पोहोचायला तेव्हा नऊ वर्षे बाकी होती. म्हातारपण येण्याआधी त्यांनी तरतूद केली. आपण सातचा टप्पा गाठलेला आहे आणि तरतुदीची स्थिती पुढीलप्रमाणे आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजना सुरू झाली तेव्हा दरमहा ७५ रुपये मिळत. २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले आणि केंद्राचा वाटा २०० रुपये झाला. ऐंशीपुढच्यांसाठी नंतर ५०० रुपये करण्यात आले. साठ ते एकोणऐंशी वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा आजही २०० रुपयेच आहे. या काळात किमती साधारण तिपटीने वाढल्या, तरी तो वाढलेला नाही. राज्ये आपापली भर घालतात. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेतून केंद्राचा हिस्सा धरून २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात, परंतु दारिद्र्यरेषेच्या यादीबाहेरच्या कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रातील रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे घरातल्या एका माणसाने हमीचे शंभर दिवस भरले, तरी ते कुटुंब या मर्यादेच्या बाहेर जाते. ही मर्यादा प्रामाणिकपणे पाळली तर जवळजवळ कोणीच पात्र ठरणार नाही, आणि म्हणून गावोगावी २१,००० चे दाखले काढले जातात. ज्याला दाखला मिळवता येतो त्याला पैसे मिळतात, आणि ज्याच्या मागे कोणी नाही तो तसाच राहतो.

मी ज्या भागातून लिहितो आहे तेथील ऊसतोडीचे उदाहरण देतो. दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, कारखान्यांकडे निघाले की गावात म्हातारी माणसे, शाळेत जाणारी नातवंडे आणि जनावरे उरतात. पुढचे पाच-सहा महिने सत्तरीच्या बायका पाणी भरतात, मुलांचे डबे करतात, आजारी पडल्या तरी तशाच उभ्या राहतात. आजीने घर धरून ठेवल्याशिवाय ऊसतोडीचा हंगाम चालू शकत नाही, पण साखरेच्या हिशेबात तिचे श्रम कोठेही धरलेले नाहीत. ज्यांनी तीस-तीस हंगाम मोळ्या वाहिल्या ती माणसे पन्नाशीतच कंबर आणि गुडघ्यांनी निकामी होतात. मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा कंत्राटदार, त्यांना उचल (आगाऊ रक्कम) देत नाही. पासष्टीला निवृत्तीवेतन मागायला ती माणसे पोहोचतात तेव्हा त्यांच्या बोटांचे ठसेही यंत्रावर उमटत नाहीत.

माझे मत असे आहे की आयकर भरणारे आणि अन्य निवृत्तीवेतन घेणारे वगळून पासष्टीपुढच्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्नाचा दाखला न मागता, महागाईशी जोडलेले निवृत्तीवेतन मिळाले पाहिजे. वृद्धांविषयीच्या बाकी सगळ्या योजना त्यानंतर येतात. आपली मते, विशेषतः विरोधी मते, सविस्तर वाचायला आवडतील.

प्रतिसाद: कोकणकडा

लेखातील भूमिका पटली, पण आमच्या भागाचा अनुभव जोडणे मला आवश्यक वाटते. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढली नाही, घटली. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कामाच्या वयाचे पुरुष मुंबईला आहेत, हा त्या आकड्याचा अर्थ. वाडीत गणपती आणि शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हा दहा-बारा दिवस घरे उघडतात, आणि एरवी एका घरात दोन म्हातारी माणसे आणि शेजारच्या तीन घरांना कुलपे अशी स्थिती असते.

येथे मुलगा पैसे पाठवत नाही अशी तक्रार फारशी ऐकू येत नाही. अडचण निराळी आहे. पैसे खात्यात जमा होतात, पण बँकेची शाखा चौदा-पंधरा किलोमीटरवर. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि पासष्टीपुढच्यांना निम्म्या दरात, ही सवलत खरोखर मोलाची आहे. मात्र गाडी मुख्य रस्त्यावर थांबते आणि तेथून वाडीपर्यंतची घाटी म्हाताऱ्या माणसाने पायी चढायची असते. पावसाआधी कौले परतायला माणूस मिळत नाही, विहिरीचे पाणी शेंदवत नाही, रात्री छातीत दुखू लागले तर गाडी काढायला वाडीत तरुण मुलगा नसतो. अशा ठिकाणी निवृत्तीवेतन १,५०० चे ३,००० केले तरी त्या रकमेतून विकत घेता येईल अशी सेवाच उपलब्ध नाही. त्यामुळे पैसा आधी आणि बाकी नंतर, हा आपला क्रम मला पूर्णपणे मान्य करता येत नाही.

प्रतिसाद: हिशेबी

धागा अभ्यासपूर्वक लिहिला आहे, म्हणूनच विरोध नोंदवतो. वृद्धांच्या हालअपेष्टांविषयी दुमत नाही. परंतु कायमस्वरूपी खर्चाची बांधिलकी घेताना पुढच्या तीस वर्षांचा विचार करावा लागतो. लाभार्थींची संख्या दरवर्षी वाढतच जाणार, रक्कम महागाईशी जोडलेली असणार आणि कर भरणाऱ्या तरुणांचे प्रमाण घटत जाणार, असे हे गणित आहे. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या निवृत्तीवेतनासाठी महाराष्ट्रात सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला तेव्हा राज्याच्या तिजोरीवरील भाराची चर्चा आपण सर्वांनी केली होती. त्या तिजोरीत आता आणखी एक मोठा खर्च कसा बसवायचा?

शिवाय भारतात आज कामाच्या वयातील लोकसंख्या मोठी आहे. या काळात रोजगार आणि बचत वाढवली तर पुढची पिढी स्वतःच्या म्हातारपणाची सोय स्वतः करू शकेल. त्यासाठी २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे, असंघटित कामगारांसाठी २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना आहे. अंशदानावर आधारलेली व्यवस्था टिकते. केवळ वाटपावर आधारलेली व्यवस्था प्रत्येक निवडणुकीत फुगत जाते आणि शेवटी जिला पैशांची खरी गरज आहे तिच्यापर्यंत काही पोहोचत नाही.

प्रतिसाद: बालाघाट

हिशेबी, आपण उपस्थित केलेला मुद्दा टाळण्यासारखा नाही, म्हणून आकड्यांतच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

पासष्टीपुढच्या व्यक्ती आज देशात ढोबळमानाने दहा कोटी धरू. त्यांतून आयकर भरणारे आणि अन्य निवृत्तीवेतनधारक वगळून आठ कोटी उरले असे समजू. दरमहा १,५०० रुपये दिल्यास वर्षाचा खर्च १ लाख ४४ हजार कोटी रुपये होतो. देशाचे सकल उत्पन्न २०२४-२५ मध्ये साधारण ३३० लाख कोटींच्या आसपास होते. त्या तुलनेत हा खर्च अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. वृद्ध, विधवा, दिव्यांग या सर्वांच्या सामाजिक साहाय्यासाठी केंद्राने त्याच वर्षी ठेवलेली तरतूद साडेनऊ हजार कोटींच्या थोडी वर होती आणि ती कित्येक वर्षे तेथेच घोटाळते आहे. वृद्धापकाळ निवृत्तीवेतनाच्या लाभार्थींची संख्याही सुमारे २ कोटी २१ लाखांवर गोठवलेली आहे. नवा वृद्ध यादीत यायचा तर आधीच्या कोणाचा तरी मृत्यू व्हावा लागतो. आठ कोटी हा माझा अंदाज आहे, त्यात लाख-पन्नास लाखांचा फरक पडेल, परंतु खर्चाचा आवाका त्याने बदलत नाही.

अंशदानाच्या योजनांना माझा विरोध नाही. परंतु अटल पेन्शन योजनेत प्रवेश फक्त १८ ते ४० या वयात मिळतो आणि किमान वीस वर्षे हप्ते भरावे लागतात. २०१५ मध्ये जो चाळीस वर्षांचा होता, त्याला पहिला हप्ता २०३५ मध्ये मिळेल, आणि तोही १,००० ते ५,००० रुपयांची ठरलेली रक्कम असेल. तोपर्यंत तिची किंमत काय उरली असेल हे आपण जाणता. त्या वर्षी जे चाळिशी ओलांडून गेले होते, म्हणजे आज पन्नाशीपुढे असलेले सर्व मजूर, त्यांना या योजनेत जागाच नव्हती. कर्मचारी निवृत्तीवेतन योजना १९९५ ही तर अंशदानाचीच योजना आहे. साखर कारखाने, गिरण्या, सहकारी संस्था, एसटी यांतून निवृत्त झालेल्या कामगारांनी तिच्यात पैसे भरले, आणि तिचे किमान निवृत्तीवेतन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबले आहे. अंशदान केले म्हणजे म्हातारपण सुरक्षित झाले, असे या लोकांना कसे सांगणार?

नेपाळचे उदाहरण जरूर पाहावे. माणशी उत्पन्न आपल्याहून कमी असलेल्या या देशाने १९९५ मध्ये पंचाहत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाचा दाखला न मागता वृद्ध भत्ता सुरू केला. सुरुवात महिना १०० नेपाळी रुपयांपासून झाली. आज वयोमर्यादा ६८ वर आणली आहे आणि रक्कम ४,००० नेपाळी रुपये आहे, म्हणजे आपले सुमारे २,५०० रुपये.

कोकणकडा, आपल्या मुद्द्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. सेवा नसेल तर पैसा अपुरा पडतो. तरी एक गोष्ट नमूद करतो. ज्या वाडीत दहा वृद्धांच्या हाती दरमहा नियमित पैसा येतो, तेथे पाणी आणून देणारी, औषधे आणणारी, डबा करणारी एखादी व्यक्ती ते काम पत्करण्याची शक्यता निर्माण होते. ज्या वाडीत तो पैसाच नाही, तेथे ती शक्यताही नाही.

प्रतिसाद: गोमंतकीय

गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून साठीपुढच्यांना दरमहा २,००० रुपये मिळतात. राज्य लहान आहे, लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास, त्यामुळे हे शक्य झाले असे म्हणता येईल, पण बऱ्याच वर्षांपासून ही योजना घराघरांत पोहोचली आहे आणि त्या पैशातून औषधांचा खर्च भागवणारी माणसे मी रोज पाहतो. २०११ मध्येच गोव्यात वृद्धांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या वर होते आणि जन्मदर १.३ पर्यंत खाली आला आहे. कोकणकडा यांनी वर्णिलेले चित्र सासष्टी आणि बारदेशातही आहे, फक्त आमची मुले मुंबईऐवजी पोर्तुगालच्या पारपत्रावर इंग्लंडला गेली आहेत. रक्कम मिळते, सोबत मिळत नाही. तरीही ज्याला रक्कमही मिळत नाही आणि सोबतही नाही, त्याच्याशी या माणसांची तुलना करू नये असे मला वाटते.

प्रतिसाद: परिचारिका

मी तालुक्याच्या ठिकाणी सरकारी आरोग्यसेवेत बरीच वर्षे काम केले आहे. आतापर्यंतच्या चर्चेत आरोग्याचा उल्लेख ओझरता आला, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

‘लासी’ या नावाने ओळखले जाणारे देशव्यापी सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींवर झाले. साठीपुढच्या निम्म्याहून अधिक व्यक्तींना एखादा तरी दीर्घकालीन आजार असल्याचे त्यात आढळले. त्याच सर्वेक्षणाच्या पुढच्या अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असावा. गावात मात्र याला आजार मानत नाहीत. ‘म्हातारी चळली’ एवढे बोलून विषय संपवला जातो, आणि त्या बाईला दारे लावून घरात ठेवले जाते, कारण रानात गेलेल्या सुनेला दुसरा इलाजच नसतो.

आमची आरोग्यव्यवस्था बाळंतपण, लसीकरण आणि साथीचे रोग यांच्यासाठी उभारली गेली, आणि ते काम तिने चांगले केले. वृद्ध रुग्णाच्या गरजा वेगळ्या असतात. त्याला एकाच वेळी मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू, ऐकू कमी येणे आणि गुडघेदुखी असते. प्रत्येकासाठी वेगळ्या खिडकीवर, वेगळ्या वारी, वेगळ्या डॉक्टरांकडे जावे लागते. मग तो एकीकडे जातो आणि चार ठिकाणी जाणे सोडतो. एकाच औषधाच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या दोन डॉक्टरांकडून घेऊन दोन्ही नेमाने खाणारे रुग्ण मी अनेकदा पाहिले आहेत. न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडणे ही वयस्क बाईच्या आयुष्यातली सर्वांत मोठी आपत्ती ठरते. दाराशी एक दांडी, खडबडीत फरशी आणि रात्रीचा दिवा एवढ्यानेही हे बऱ्याचदा टळू शकते.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले आहे. दाखला न मागता हक्क देता येतो, याचे हे आपल्याच देशातले उदाहरण आहे आणि मूळ लेखातील मागणीला ते बळ देते. पण ही योजना रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, डोळ्यांचा चष्मा, दातांची कवळी, लघवीच्या नळीची घरी घ्यायची काळजी यांचा खर्च तिच्यात येत नाही. वृद्धांचा बराचसा खर्च याच गोष्टींवर होतो. निवृत्तीवेतनाचे १,५०० रुपये आमच्याकडे बहुतांशी मेडिकलच्या दुकानात जातात.

केरळात २०११ मध्येच वृद्धांचे प्रमाण १२.६ टक्के होते आणि २०३१ मध्ये ते सुमारे २१ टक्के होईल असा अंदाज आहे. कोळिकोड येथे १९९३ मध्ये वेदनाशमन आणि परिहारक सेवेचे काम सुरू झाले, त्यातून स्वयंसेवकांचे जाळे वाढले आणि २००८ मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र धोरण केले. पंचायतीच्या पैशातून परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी जाते, जखम धुते, घरच्या माणसाला कूस कशी बदलायची ते शिकवते. त्याला मोठे यंत्र लागत नाही. एक प्रशिक्षित बाई, एक पिशवी आणि तिच्या फेऱ्यांसाठी वाहन लागते. हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात करता येण्यासारखे आहे, आणि आशाताईंवर आणखी एक विनावेतन काम न टाकता करावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद: सावली

परिचारिका यांच्या शेवटच्या वाक्याला धरून पुढे लिहिते. ‘कुटुंब सांभाळते’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात सून, लेक किंवा बायको सांभाळत असते. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होते, आणि घरकामात हातभार लावणाऱ्या पुरुषांचे ९७. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर या मिनिटांत किती भर पडते, हे ज्या घरात ते आहे त्यालाच ठाऊक.

आणि हीच बाई पुढे स्वतः म्हातारी होते तेव्हा तिच्यासाठी कोण उरते? २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के विधवा होत्या आणि पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के विधुर. स्त्रिया जास्त जगतात आणि नवऱ्याहून वयाने लहान असतात, त्यामुळे त्या नवऱ्याचे शेवटचे आजारपण काढतात आणि स्वतःच्या आजारपणात एकट्या असतात. सातबारावर नाव नसते, बँकेत ठेव नसते. त्या पिढीतील वृद्ध स्त्रियांपैकी जेमतेम २८ टक्के साक्षर होत्या, त्यामुळे अर्ज, केवायसी, हयातीचा दाखला यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी कोणाच्या तरी मागे लागावे लागते.

आता एका विसंगतीकडे लक्ष वेधते. महाराष्ट्रात २०२४ पासून लाडकी बहीण योजनेतून २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. तेथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. ज्या बाईचे वय ६५ च्या पुढे जाते, ती या योजनेतून बाहेर पडते. मग तिने श्रावणबाळ योजनेकडे जायचे, तर तेथे मर्यादा २१,००० रुपये. म्हणजे ज्या कुटुंबाला सरकारने काल मदतीस पात्र मानले, त्याच कुटुंबातील तीच बाई हातपाय थकल्यावर अपात्र ठरते. चौसष्टाव्या वर्षी मिळणारे पैसे सहासष्टाव्या वर्षी बंद व्हावेत याला कोणतेही समर्थन देता येत नाही. मूळ मागणीतले आणखी काही मान्य होवो न होवो, दोन्ही योजनांची उत्पन्नमर्यादा एकच करावी एवढी मागणी तरी महिला मंडळांनी आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी एकत्र येऊन करावी.

प्रतिसाद: कोकणकडा

सावली यांनी दाखवलेली ही तफावत माझ्या लक्षात आली नव्हती. आमच्या ग्रामसभेत हा विषय नक्की मांडतो.

एक वेगळा प्रश्न विचारतो, जाणकारांनी उत्तर द्यावे. आमच्या गावातील एका निपुत्रिक गृहस्थांनी पुतण्या सांभाळेल या विश्वासाने घर त्याच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले. आता पुतण्या त्यांना जेवायलाही विचारत नाही. त्यांना काही करता येईल का?

प्रतिसाद: न्यायवाट

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम २३ मध्ये याची तरतूद आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती घेणारा सांभाळ करत नसेल, तर असे हस्तांतरण न्यायाधिकरण रद्दबातल ठरवू शकते. अडचण अशी की बक्षीसपत्रात ही अट लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करणे अवघड जाते आणि अशी अनेक प्रकरणे उच्च न्यायालयांपर्यंत गेली आहेत. म्हणून ज्यांनी अजून दस्त केलेला नाही त्यांनी अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी, किंवा बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करावे. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते.

अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा असतो. साध्या कागदावरचा अर्जही चालतो, आणि वकील देण्याची सक्ती नाही. निर्वाहभत्त्याच्या अर्जावर नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे, आणि भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. निपुत्रिक ज्येष्ठांना, ज्याच्याकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा जो त्यांचा वारस होईल, अशा नातेवाइकाकडूनही निर्वाहभत्ता मागता येतो. मार्गदर्शनासाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा देशव्यापी मदत क्रमांक आहे. त्या गृहस्थांना एकट्याने तालुक्याला जाणे जमत नसेल तर सोबत कोणीतरी जावे. माझ्या पाहण्यात अर्ज न करण्याचे पहिले कारण कायद्याचे अज्ञान नसते, गावात आपली शोभा होईल ही भीती असते.

याच कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० गरजू ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारण्याविषयी म्हटले आहे. आपापल्या जिल्ह्यात तो आहे का, याची माहिती अधिकारात विचारणा करण्यासारखी आहे.

प्रतिसाद: हिशेबी

चर्चेतून माझे मत काही प्रमाणात बदलले आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची अट निरर्थक आहे हे मला मान्य. पण एकदम पासष्टीपासून सुरुवात करण्याऐवजी प्रथम ऐंशीपुढच्या सर्वांना बिनशर्त निवृत्तीवेतन द्यावे आणि वय टप्प्याटप्प्याने खाली आणावे, असा मधला मार्ग सुचवतो. नेपाळनेही सुरुवात पंचाहत्तरीपासून केली होती. ऐंशीपुढची लोकसंख्या आज थोडी आहे, त्यामुळे खर्च हाताबाहेर जाणार नाही आणि व्यवस्थेची चाचणीही होईल.

प्रतिसाद: बालाघाट

टप्प्याटप्प्याने जाण्याची कल्पना मला मान्य आहे, आरंभाचे वय मात्र मान्य नाही. ऐंशी वर्षे कोण जगतो, याचा विचार करावा. ज्याला पोटभर अन्न, स्वच्छ पाणी, वेळेवर औषध आणि सावलीतले काम मिळाले, तो ऐंशी गाठण्याची शक्यता अधिक असते. ऊसतोड, वीटभट्टी, खाणकाम, बांधकाम यांत शरीर झिजवलेली माणसे त्या वयापर्यंत फार थोड्या संख्येने पोहोचतात. वयाची अट जितकी वर न्यावी, तितका लाभ सुस्थितीतल्यांकडे झुकतो. आपल्याला ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे आहे ती माणसे पासष्ट ते पंचाहत्तर या दहा वर्षांतच सर्वाधिक हालात असतात आणि त्यांतील पुष्कळजण त्याच दहा वर्षांत जातात.

टप्पे करायचेच असतील तर ते वयाऐवजी कामाच्या नोंदीवरून करावेत. ऊसतोड कामगार, बांधकाम कामगार, शेतमजूर, एकल स्त्रिया यांना पासष्टीपासून पहिल्या वर्षी, आणि उरलेल्यांना पुढच्या दोन-तीन वर्षांत. ऊसतोड कामगारांची नोंदणी अद्याप अपुरी आहे हे मी जाणतो, परंतु मुकादमाच्या उचलीच्या वहीत प्रत्येक जोडप्याचे नाव असते आणि कारखान्याकडे तोडणी-वाहतुकीचे करार असतात. नोंद शोधायची म्हटली तर ती आहे. पुढच्या प्रतिसादात या नोंदणीचा मसुदा ग्रामसभेच्या ठरावाच्या स्वरूपात देतो. सावली आणि न्यायवाट यांनी तो तपासून त्यात भर घालावी.